माकड आडवं आलं

मोताळ्याच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या आम्ही सगळ्या बाया पोतं अंथरून बसतो. म्हणजे त्या बसतात. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते, उजवा पाय पुढं सरळ ठेवून. तो वाकत नाही. गिऱ्हाईक वांग्यांकडं कमी आणि पायाकडं जास्त बघतं. एखादी नवखी बाई विचारते, काय झालं व पायाले? मी सांगते, नवऱ्यानं मोडला. बाईचा हात वांग्यावरच थांबतो. तिला वाटतं, काठीनं मारलं असेल. मी दुरुस्ती करत नाही.

काठीनं मारलं नव्हतं. मोटारसायकलवर मागं बसवून मोडला.

त्या दिवशी आम्ही बुलढाण्याहून परत येत होतो. माझ्या नणंदेच्या मुलीचं बघण्याचं होतं, ते आटोपून निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मोटारसायकल नवी होती, शोरूममधून आणून वर्षही झालं नव्हतं. राजूर घाटात एक एस.टी. आमच्या पुढं होती. घाटात एस.टी. जशी उतरते तशीच ती सावकाश उतरत होती. नवऱ्याला बसच्या मागं राहणं कधीच जमत नाही. बसचा धूर तोंडावर येतो म्हणतो. खरं कारण वेगळं आहे. कोणाच्याही मागं राहणं त्याला अपमान वाटतो. लग्नाच्या पंगतीतही तो पहिल्या बैठकीला बसतो.

वळण येत होतं. मी म्हणलं, "राहू द्या, बस जाऊ द्या पुढं." त्यानं ऐकलं. ऐकलं हे मला माहीत आहे, कारण त्यानं मान अर्धी मागं वळवून उत्तर दिलं, "तू गुपचूप बस न." आणि गाडी बाहेर काढली. समोरून सोयाबीनची पोती भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर वर चढत होता. नवऱ्यानं गाडी कडेच्या मुरुमावर घातली, चाक सरकलं, आणि आम्ही दोघं घसरत गेलो. तो सुटून बाजूला पडला. माझा पाय गाडीखाली होता.

त्याचं कोपर सोलवटलं. माझ्या गुडघ्याची वाटी फुटली आणि खालच्या हाडाचे तुकडे झाले.

बस थांबली. कंडक्टर उतरला आणि दोन माणसांना घेऊन त्यानं गाडी माझ्यावरून उचलली. माझ्या पायाला त्यानं आपला पंचा बांधला. मग उभा राहून तो नवऱ्याला म्हणाला, "भाऊ, दोन मिन्टं थांबले असते तं काय झालं असतं?"  नवरा गाडीचा आरसा फुटला का ते बघत होता.

बुलढाण्याच्या दवाखान्यात मला आत नेलं, पायात धातूची पट्टी आणि स्क्रू घातले. मी बेशुद्ध होते तेव्हा बाहेर पोलिस आला आणि त्यानं नवऱ्याचा जबाब घेतला. नवऱ्यानं सांगितलं, माकड आडवं आलं. घाटात माकडं आहेतच, कठड्यावर ओळीनं बसलेली असतात, येणारे-जाणारे त्यांना फुटाणे टाकतात. त्यामुळं पोलिसाला काही नवल वाटलं नाही. त्यानं तसंच लिहून घेतलं.

मला हे कळलं ते सासूच्या तोंडून. मी शुद्धीवर आल्यावर ती माझ्या उशाशी बसून म्हणाली, मारुतीनंच वाचवलं बाई, त्याचंच रूप आडवं आलं होतं, म्हणून पायावर निभावलं. गावी गेल्यावर तिनं रोहिणखेडच्या मारुतीपुढं नारळ फोडला. ती हे बोलली तेव्हा मी नवऱ्याकडं बघितलं. तो खिडकीतून खालच्या रसवंतीकडं बघत होता. मी विचारलं, कोणतं माकड? तो म्हणाला, "तुले दिसलं नसन. तू मागं होती." इतक्या सहज म्हणाला की क्षणभर मीच मनात घाट परत उतरून बघितला. कठड्यावरही माकड नव्हतं. ट्रॅक्टर होता, त्याच्या ड्रायव्हरचा उघडा जबडा होता, आणि आमच्या बाजूनं मागं पडत जाणाऱ्या बसच्या खिडक्या होत्या.

त्या दिवसापर्यंत मी नवऱ्याचा उल्लेख 'हे' असाच करत होते. दवाखान्यातून घरी आल्यावर माझ्या मनात 'तो' सुरू झाला. तोंडानं अजूनही 'तुमी' म्हणते. सवय आहे, आदर नाही.

घरी बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण नवऱ्याच्या शेजारी बसायचा आणि तो माकडाची गोष्ट सांगायचा. गोष्ट वाढत गेली. आधी नुसतं माकड होतं. मग ते वानर झालं, मग पोटाशी पिल्लू असलेली वानरीण झाली, आणि तिला वाचवायला त्यानं गाडी मुरुमावर घातली. चुलतसासऱ्यानं तर त्याच्या पाठीवर थाप मारली. मी आतल्या खाटेवर पडून हे ऐकत होते. एकदा न राहवून ओरडले, बसच्या पुढं काढत होते, ते सांगा की.  मग सासू सगळ्यांना म्हणाली, दुखण्यानं चिडचिड करून राह्यली ती.

माझ्या भावाचं मोताळ्यात कृषी केंद्र आहे. तो भेटायला आला आणि मला मलकापूरच्या एका वकिलाकडं घेऊन गेला. भाऊ काही फार माझ्या प्रेमानं हे करत नव्हता. त्याला माझा नवरा पहिल्यापासून आवडत नाही. लग्नात मानपानावरून त्याचा अपमान झाला होता आणि तो त्यानं जपून ठेवला होता. पण मला त्या वेळी कोणाच्या हेतूशी देणंघेणं नव्हतं. मला कुणीतरी विचारायला हवं होतं की काय झालं.

वकील म्हातारा, हळू बोलणारा होता. त्यानं सांगितलं, कायद्यात दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेनं गेलात तर चूक कोणाची हे कोणी विचारत नाही. अपघात झाला, हाड मोडलं, एवढं दाखवलं की विमा कंपनी ठरलेली रक्कम देते. सगळ्यांना एकच, तुम्ही कलेक्टर असा नाहीतर भाजीवाल्या. दुसऱ्या वाटेनं गेलात तर गाडी चालवणाऱ्याची चूक दाखवावी लागते. ती दाखवता आली तर मग तुमचं वय, तुमचं काम, पाय किती गेला, पुढच्या ऑपरेशनचा खर्च, सगळं धरून भरपाई. रक्कम बरीच मोठी होऊ शकते. पण पहिल्या वाटेचे पैसे एकदा मान्य केले की दुसऱ्या वाटेचा दावा तिथंच संपतो. मागून पुन्हा भांडता येत नाही.

मग त्यानं विचारलं, "गाडी चालवत कोण होतं?"

"माझा नवरा."

त्यानं चष्मा काढला. गाडीचा विमा मागं बसणाऱ्यासकट पूर्ण आहे का ते त्यानं भावाला विचारलं. पूर्ण होता. मग मला म्हणाला, सोपं आहे बाई, तुमच्या यजमानांनी फक्त खरं सांगायचं. घाईत होतो, वळणावर बस ओलांडत होतो. पैसे कंपनी देईल, त्यांच्या खिशाला धक्का नाही. पोलिसात निष्काळजीपणाचा गुन्हा लागेल, त्याला फार तर दंड होईल.

मी परत येताना रिक्षात जवळजवळ आनंदात होते. मला वाटलं, आता तरी तो म्हणेल. म्हणण्यात तोटा काहीच नव्हता, उलट फायदाच होता. त्याला पैसा आवडतो हेही मला माहीत होतं.

त्या संध्याकाळी भाकरी खाताना मी सगळं सांगितलं. सासू समोरच बसली होती. नवऱ्यानं घास खाली ठेवला.

"म्हंजे मी कोर्टात जाऊन म्हनू, मायी चूक होती?"

"हाव."

"अन् काऊन म्हनू?"

मी म्हणलं, कारण होती. दुसरं म्हणजे पायाचं पुन्हा ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर म्हणतात. तो म्हणाला, त्या वकिलाच्या पहिल्या वाटेचं घे न मग, तिथं कोणी कोणाचं नाव घेत नाही. मी म्हणलं, त्यात ऑपरेशन निघत नाही. तो म्हणाला, भाऊ शिकवून राह्यला तुले. दंडाची भीती वाटते का, असं मी विचारलं. त्याला हसू आलं. दंड त्यानं आयुष्यात खूप भरले आहेत, विनालायसन्सचे, विजेच्या आकड्याचे, आणि प्रत्येक वेळी भरून येऊन हसत सांगितले आहेत. भीती दंडाची नव्हतीच. ते दोन शब्द तोंडातून काढायचे नव्हते, आणि तेही बायकोच्या सांगण्यावरून.

सासू म्हणाली, नवऱ्याच्या विरुद्ध कोर्टात जाणारी बाई मी आमच्या खानदानात पाहिली नाही. मी म्हणलं, मग आता पाहून घ्या.

मी दुसरी वाट धरली.

कोर्टाची नोटीस आमच्याच घरी आली. पोस्टमनला काय करावं कळेना, कारण अर्ज करणारीचा पत्ता आणि ज्याच्यावर अर्ज त्याचा पत्ता एकच होता. मी खाटेवर होते, नवरा ओट्यावर. त्यानं सही करून पाकीट घेतलं, फोडलं, आणि वाचत बसला. त्याला मराठी कागद वाचायला वेळ लागतो. त्यात लिहिलं होतं की त्यानं वाहन भरधाव, हयगयीनं आणि निष्काळजीपणे चालवलं. वाचून झाल्यावर तो आत आला आणि म्हणाला, "हयगय म्हंजे काय व?" मी सांगितलं, दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नसणं. त्यानं कागद माझ्या पांघरुणावर टाकला आणि बाहेर गेला. त्यानंतर कित्येक आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. भाजीचा भाव सासूमार्फत विचारायचा. मी सासूमार्फत सांगायचे. घरात दोन खोल्या आणि एक ओसरी.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पाण्याच्या टाकीपाशी मी दिसले की बाया बोलणं बंद करायच्या. ज्यांचे नवरे त्यांना खरोखर काठीनं मारतात त्याही. एकीनं तर मला समजावलं की माणूस तरी जिवंत आहे ना, माझ्याकडं बघ. ती विधवा आहे आणि नवरा मेल्यापासून तिच्या अंगावर मांस आलं आहे, हे मी तिला सांगितलं. तिनं माझ्याकडं येणं सोडलं. मला वाईट वाटलं नाही.

नवऱ्यानं कोर्टात लेखी उत्तर दिलं. मी निष्काळजी नव्हतो, माकड आडवं आलं. विमा कंपनीच्या वकिलाला दुसरं काय हवं होतं? चालवणाराच म्हणतो चूक नाही, मग कंपनी कशाला देईल? उलटतपासणीच्या दिवशी कंपनीचा वकील माझ्यासमोर उभा राहिला. तरुण, केसांना तेल लावलेला, आवाज गोड. त्यानं विचारलं, तुम्ही मागं बसला होता ना? हो. तोंड कोणत्या बाजूला? एका बाजूला. मग समोर माकड आलं की नाही हे तुम्हाला कसं दिसणार? मी म्हणलं, मला ट्रॅक्टर दिसला, बस दिसली, मग माकडच कसं दिसलं नाही. तो म्हणाला, तुमचा आणि तुमच्या यजमानांचा वाद आहे? मी म्हणलं, आहे. अपघाताआधीपासून? मी म्हणलं, लग्नापासून. मागं कोणीतरी हसलं.

मग तो म्हणाला, तुमचे यजमान इतकी वर्षं गाडी चालवतात, जबाबदार माणूस आहेत, बरोबर? माझ्या नवऱ्याला भर सभेत कोणी जबाबदार म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी. तो मागच्या बाकावर बसला होता. मी वळून बघितलं. त्यानं सदऱ्याची कॉलर सरळ केली.

आमच्या वकिलानं कंडक्टरला शोधलं. आगार बदलून तो दुसरीकडं गेला होता. भावानं फोन केला तेव्हा तो येतो म्हणाला. तारीख आली तेव्हा त्याला काही आठवत नव्हतं. भाऊ त्याला शिव्या देत होता. मला त्याचाही राग आला, पण थोडा कमी; ज्याचं काही अडलं नव्हतं अशा माणसानं पंचा तरी बांधला होता.

गुडघ्यात पाणी भरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, स्क्रू काढून आता लगेच पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, उशीर केला तर पाय जन्माचा असाच. वकिलानं मला एकटीला बसवून सांगितलं. बाई, साक्षीदार नाही, पोलिसांच्या कागदात माकड आहे, आणि चालवणारा तुमच्या विरुद्ध बोलतोय. निकाल काही वर्षांनी लागेल आणि बहुतेक उलटा लागेल. लोकअदालत आहे. कंपनी पहिल्या वाटेची रक्कम द्यायला तयार आहे. घ्या.

भाऊ म्हणाला, घेऊ नको, लढ. पाय त्याचा नव्हता.

लोकअदालतीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात मंडप होता आणि टेबलं मांडली होती. आमच्या टेबलावर एक न्यायाधीश बाई आणि एक वकील होते. माझ्या एका बाजूला कंपनीचा माणूस, दुसऱ्या बाजूला माझा नवरा. न्यायाधीश बाईंनी विचारलं, रक्कम मान्य आहे का, आणि ही मान्य केली की तुमचा हा दावा संपतो, कळलं ना? मी म्हणलं, कळलं. मग मी विचारलं, यात चूक कोणाची होती ते लिहिणार का?

त्या मला समजून घेण्याच्या आवाजात म्हणाल्या, नाही, इथं त्याची गरजच नसते. हेच तर या तरतुदीचं चांगलं आहे, जखमी माणसाला ते सिद्ध करत बसावं लागत नाही.

"पण मला ते हवं होतं," मी म्हणलं.

त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. तेवढी संधी पुरे होती. तिथं पोलिस नव्हता, गुन्हा नव्हता, पैसे ठरलेच होते. तिथं तो नुसतं माझ्याकडं बघून मान हलवू शकला असता. त्यानं चहावाल्याला हात केला.

मी सही केली. न्यायाधीश बाईंचा माझ्यावर काही राग नव्हता, माझाही त्यांच्यावर नाही. ज्या बाईचा नवरा गेला आणि गाडीवाला सापडत नाही, तिच्यासाठी हा कायदा चांगलाच असणार. माझ्यासाठी तो चांगला नव्हता. मला ज्याचं उत्तर हवं होतं तो प्रश्नच त्यानं खोडून टाकला, आणि वरून पैसे बक्षीस दिल्यासारखे दिले.

बाहेर आल्यावर नवरा पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला. चेहरा उजळला होता.

"पाह्य," तो म्हणाला, "कोर्टानंच सांगितलं न, कोनाचीच चूक नव्हती."

मी कुबडी भिंतीला टेकवली, कारण मला दोन्ही हात हवे होते, कशासाठी ते मलाही कळत नव्हतं. मी म्हणलं, कोर्टानं असं सांगितलं नाही, कोर्टानं विचारलं नाही. त्याला दोन्हींत फरक दिसला नाही. किंवा दिसला आणि नको होता.

दुसरं ऑपरेशन झालं. पाय सरळ राहिला, वाकला नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. उशिराचं कारण त्यांनी विचारलं नाही.

आता तो गावात सांगत फिरतो की केस जिंकली. मागच्या उन्हाळ्यात त्याच नणंदेच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात पाहुण्यांमध्ये बसून त्यानं सुरुवात केली, वानरीण, पिल्लू, कोर्ट. मी खुर्ची ओढत तिथं गेले आणि बसले. त्याचं संपू दिलं. मग मी माझं सांगितलं, बस कुठं होती, वळण कुठं होतं, मी काय म्हणाले, तो काय म्हणाला. आवाज चढवला नाही. पाहुणे ताटाकडं बघत राहिले. नणंद उठून गेली. नवरा म्हणाला, "घरी चाल, मंग सांगतो तुले." घरी त्यानं काहीच सांगितलं नाही, मळ्यातल्या खोलीत झोपायला गेला आणि तेव्हापासून तिथंच झोपतो. जेवायला येतो. मिरची लावायची की टोमॅटो, एवढं बोलतो. त्याच्या मोटारसायकलवर मी बसत नाही. बाजारात ऑटोनं जाते, माल तोच भरून देतो.

एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो, सासू आणि मी. ती शेंगा सोलत होती, मी भिंतीला टेकून. ती खाली बघूनच म्हणाली, "त्याचा बापबी असाच होता. चुकलो म्हनून कधी म्हनलं नाही."

मी विचारलं, तुमी कधी म्हनायले लावलं नाही?

"एकडाव पाह्यलं," ती म्हणाली, आणि पुढची शेंग फोडली.

तिला वाटलं असेल, आता मी सरकून तिच्याजवळ जाईन. मी गेले नाही. इतकी वर्षं हे माहीत असून ती माझ्या उशाशी बसून मला देव सांगत होती. तिनं सोललेल्या दाण्यांचं सूप माझ्याकडं सरकवलं. मी त्यातले किडके दाणे वेचायला घेतले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, सांजच्याले काय करू? मी म्हणलं, तुमच्या लेकाला विचारा.